साचा परका, माती इथली

तेरला जाणारी बहुतेक माणसे गोरोबाकाकांच्या समाधीसाठी जातात. समाधीवर डोके टेकवायचे, शेजारच्या काळेश्वराचे दर्शन घ्यायचे, तेरणेच्या पात्राकडे एक नजर टाकायची आणि परतीची वाट धरायची. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाकडे वळणारे थोडे, आणि वळले तरी डोळे मोठ्या वस्तूंवरच खिळतात. मला मात्र तळहातावर मावतील अशा मातीच्या मूर्तींविषयी सांगायचे आहे. आपला वारसा म्हणजे काय, तो कोणाचा आणि त्याची बाजू कशी मांडायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या मूर्तींपाशी सापडतात असे मला वाटते.

तेरच्या मातीतून एका विशिष्ट देवीच्या मूर्ती मिळाल्या आहेत. देवी नग्न आहे. पाय गुडघ्यात दुमडून दोन्ही बाजूंना फाकलेले, प्रसूतीच्या वेळी असावेत तसे. अशा मूर्तींत पुष्कळदा डोके नसतेच, त्या जागी फुललेले कमळ असते. अभ्यासक हिला लज्जागौरी म्हणतात. दक्षिणेत ती अनेक ठिकाणी सापडते. कर्नाटकात महाकूटला आणि ऐहोळजवळच्या सिद्धनकोळ्ळला, तेलंगणात आलमपूरला, आंध्रात नागार्जुनकोंड्याला. नागार्जुनकोंड्याच्या मूर्तीवर तर लेखच कोरलेला आहे. इक्ष्वाकू घराण्यातली राणी खंडुवुला हिने ती करवून घेतली आणि लेखात स्वतःची ओळख ‘अविधवा’ आणि ‘जीवपुत्रा’ अशी दिली. नवरा हयात आहे आणि मुले जगलेली आहेत, एवढेच त्या राणीला देवीपुढे सांगायचे होते. आजही आपल्याकडे कुणी आजी नव्या सुनेला जो आशीर्वाद देते त्यात याहून निराळे काय असते?

ही देवी आली कुठून, यावर विसाव्या शतकात मोठी चर्चा झाली. 1956 मध्ये स्टेला क्रामरिश या विदुषीने आलमपूरच्या मूर्तीत ऋग्वेदातली अदिती पाहिली. दहाव्या मंडलात ‘उत्तानपाद’ हा शब्द येतो, तो धागा तिने पकडला. चारच वर्षांनी, 1960 मध्ये, डेक्कन कॉलेजचे थोर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी नजर पश्चिमेकडे वळवली. ग्रीक-रोमन काळातल्या इजिप्तमध्ये ‘बाउबो’ नावाच्या स्त्रीच्या अशाच पाय फाकून बसलेल्या मातीच्या मूर्ती मिळतात. आपल्याकडच्या मूर्ती इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या, आणि रोमशी आपला व्यापार भरात होता तोही त्याच शतकांत. तेव्हा ही कल्पना जहाजातून आली असावी, असे त्यांचे म्हणणे.

हे म्हणणे पोकळ नव्हते. ते समजायला तेर काय होते हे थोडे पाहावे लागेल.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचे फार मोठे शहर आहे, असे तो सांगतो. तगराहून साधे कापड भरपूर येते, तऱ्हेतऱ्हेची मलमल येते, आणि हा माल नीट रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरतो. टॉलेमीलाही तगर ठाऊक होते. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी अभिमानाने मिरवत राहिले. पण गावाचा पत्ता हरवला होता. कुणी ते देवगिरीला नेले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, तर रा. गो. भांडारकरांनी धारूरला. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेर असल्याचे दाखवून दिले, आणि पाठोपाठ हेन्री कझेन्स यांनी इथली पाहणी करून वृत्तांत प्रसिद्ध केला.

फ्लीट यांचा एक पुरावा मराठी माणसाला फार जवळचा वाटेल. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो आणि त्या जागी ‘य’ सारखा उच्चार उरतो. ‘नगर’चे ‘नयर’ झाले आणि ‘नयर’चे ‘नेर’. अमळनेर, संगमनेर, पिंपळनेर या गावांच्या शेवटी आपण रोज ‘नगर’च म्हणत असतो. त्याच वाटेने ‘तगर’चे ‘तयर’ आणि ‘तयर’चे ‘तेर’ झाले. ग्रंथकार, राजे, शिलालेख सगळे गाव विसरले तरी गावातल्या माणसांच्या तोंडी नाव टिकून होते, फक्त झिजून.

पुढे तेरला उत्खनने झाली. 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी, 1967-68 मध्ये शां. भा. देव यांनी, नंतर राज्याच्या पुरातत्त्व खात्याने. रोमच्या संबंधांचे पुरावे भरपूर निघाले. रोमन नाण्यांच्या मातीत उठवलेल्या, गळ्यात बांधण्याजोग्या प्रतिकृती मिळाल्या. केओलिन नावाच्या पांढऱ्याशुभ्र मातीच्या सुबक मूर्ती मिळाल्या. एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर अशी मिळाली, की ती पाहणाऱ्याला थेट इटलीतली पाँपेई आठवावी. पाँपेई इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेली आणि 1938 मध्ये तिथल्या एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. तिची आणि तेरच्या मूर्तीची घडण इतकी जवळची आहे, की ती पाँपेईला पोहोचली ती याच भागातून, असे काही अभ्यासक मानतात. डॉ. मोतीचंद्रांनी 1960 मध्ये तेरच्या मूर्तीवर स्वतंत्र लेख लिहिला.

आता त्या पांढऱ्या मातीच्या मूर्तींकडे बारकाईने पाहा. त्या दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात उठवायचा, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून मूर्ती आतून पोकळ ठेवायची. या पद्धतीवर रोमन जगाची छाप असल्याचे अभ्यासक मानतात. तेव्हा सांकलियांचा तर्क सरळ होता. साचा तिकडून आला, तर साच्यातली देवीही तिकडूनच का येऊ नये?

या प्रश्नाचे सर्वांत सखोल उत्तर एका मराठी माणसाने दिले, आणि त्यासाठी त्याने कुदळ हातात घेतली नाही.

रामचंद्र चिंतामण ढेरे यांचा जन्म 1930 चा, मावळातल्या निगडे गावचा. आईवडील लहानपणीच गेले. आजीने वाढवले, पुण्याला आणले. गरिबीत, मिळेल ते काम करत शिक्षण झाले. विद्यापीठातल्या खुर्चीचा आधार त्यांना नव्हता. आधार होता तो स्वतः जमवलेल्या ग्रंथांचा आणि पायपिटीचा. 1978 मध्ये त्यांचे ‘लज्जागौरी’ हे पुस्तक आले. मराठीत संशोधनपर लेखन पुष्कळ झाले आहे, पण आपल्या आजीपणजीच्या श्रद्धेला इतक्या आदराने प्रश्न विचारणारे पुस्तक मी दुसरे वाचलेले नाही.

ढेरे यांनी मूर्ती सुटी पाहिली नाही. तिच्याभोवती काय चालते ते पाहिले. कोणत्या बायका तिच्याकडे जातात, काय मागतात, काय वाहतात, तिच्याविषयी कोणती कथा सांगतात, शेजारच्या गावात तिला कोणते नाव आहे. आलमपूरला मूल होत नसलेल्या बायका हिच्याच पाया पडत. मग ढेरे रेणुकेकडे वळतात. रेणू म्हणजे मातीचा कण, रेणुका म्हणजे माती, भूमी. परशुरामाने आईचे शिर उडवले ही कथा सर्वांना पाठ आहे. माहूरला पूजा आहे ती रेणुकेच्या मुखाची, तांदळ्याची. तिथे शिर आहे आणि धड नाही. लज्जागौरीत धड आहे आणि शिर नाही. ही दोन टोके जोडली की चित्र उलगडू लागते. कर्नाटकात सौंदत्तीला रेणुका यल्लम्मा होते. गोव्यात देवी सांतेरी आहे आणि तिचे रूप म्हणजे वारूळ, कोकणीतली रोयण. वारूळ म्हणजे भूमीच्या पोटातून वर आलेली माती, भूमीची योनी. माहूर, सौंदत्ती, आलमपूर, गोवा. भाषा चार, नावे चार, देवी एकच: पिकवणारी, प्रसवणारी भूमी.

हे उत्तर वाचताना मला दर वेळी एक गोष्ट जाणवते. ढेरे यांनी परक्यांशी आलेला संबंध नाकारला नाही. तेरच्या बाजारात रोमचा माल आला, रोमचा साचा आला, याने आपली मान खाली जात नाही. कारागिराने नवे तंत्र पाहिले, उचलले आणि त्यात आपल्या घरची देवी घातली. तंत्र प्रवास करते, पण श्रद्धेला मुळे लागतात. ज्या देवीला शेकडो मैलांच्या मुलखात वेगवेगळ्या बोलींतून हाक मारली जाते, जिच्या व्रतकथा आणि जत्रा आजही चालू आहेत, ती एखाद्या व्यापारी हंगामात गलबतातून उतरलेली नाही. मला हा युक्तिवाद सांकलियांच्या युक्तिवादाहून अधिक पटतो. सांकलियांपुढे मूर्तींची साम्ये होती, ढेरे यांच्यापुढे मूर्ती आणि माणसे दोन्ही होती.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. स्पेनमध्ये यादवी युद्धानंतर देशाबाहेर पडलेल्या आमेरिको कास्त्रो या विद्वानाने 1948 मध्ये स्पेनच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. स्पॅनिश माणूस घडला तो ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू यांच्या शतकानुशतकांच्या सहवासातून, असे त्याने ठासून मांडले. स्पेनचाच इतिहासकार सांचेझ-आल्बोर्नोझ हाही निर्वासितच, पण तो कडाडून विरोधात उभा राहिला. स्पॅनिश स्वभाव त्या सहवासाच्या कितीतरी आधीचा आहे, असे त्याचे उत्तर 1956 मध्ये आले. दोघेही मायभूमीपासून दूर होते आणि दोघेही तिचीच बाजू मांडत होते. एकाने वारसा जपला तो सर्वांना आत घेऊन, दुसऱ्याने तो जपला मूळ गाभ्यावर बोट ठेवून. ढेरे यांच्याकडे या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, हे मला त्यांचे वेगळेपण वाटते. मूळ शोधायला ते निघतात आणि मुळाशी पोहोचतात तेव्हा तिथे अनेक जण आधीच बसलेले असतात.

1984 मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाचे नावच ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’. त्याला 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गवळी-धनगरांचा देव वैष्णवांचा कसा झाला, कर्नाटक-आंध्राशी त्याचे नाते काय, जैन-बौद्धांनी त्याला कसे पाहिले, हे सारे त्यांनी एका ठिकाणी आणले. सर्वांनाच ते रुचले नाही. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावर लिहिताना त्यांनी भोसले कुळाची मुळे होयसळांपर्यंत नेली, तीही अनेकांना मान्य झाली नाही. मतभेद असू द्यावेत. पण मराठीपण हे कानडी-तेलुगूपणाच्या विरोधात उभे करून सिद्ध करायची गरज नाही, हे ढेरे यांनी जितक्या पुराव्यानिशी दाखवले तितके दुसऱ्या कुणी क्वचितच.

तेर ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागू नये. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1956 च्या 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे भाषावार तीन वाटे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, बिदर-गुलबर्गा म्हैसूरकडे गेले, तेलंगण आंध्रात. सीमा आखल्या गेल्या, पण तुळजाभवानीच्या भक्तांनी त्या पाळल्या नाहीत. कोजागरीच्या सुमाराला कर्नाटकातून आणि तेलंगणातून पायी निघालेले जथे आजही तुळजापूरला पोहोचतात, आणि कोल्हापूरची माणसे सौंदत्तीला जातात. तेरला आपले मूळ मानणाऱ्या शिलाहारांचेच पाहा. त्यांच्या कोल्हापूरच्या शाखेने लेख कोरले ते पुष्कळसे कानडीत. आणि मराठीतला सर्वांत जुना, 1012 चा म्हणून मानला जाणारा शिलालेख सापडला तो अलिबागजवळच्या आक्षीला, तोही शिलाहारांच्याच काळातला. एकाच घराण्याच्या दोन शाखा, दोन भाषा, आणि दोघींच्या बिरुदात तेर.

तेर गावातच या समन्वयाची एक उभी वास्तू आहे. त्रिविक्रम मंदिर. बाहेरून पाहिले की त्याची पाठ हत्तीच्या पाठीसारखी गोल दिसते. असे गजपृष्ठाकार, कमानदार छताचे रूप आपण लेण्यांतल्या चैत्यगृहांत पाहतो. डोंगरात कोरलेली अशी चैत्यगृहे पुष्कळ आहेत. मोकळ्या जागी, विटांत बांधलेली आणि छतासकट टिकलेली फारच थोडी. आंध्रात चेजर्ल्याचे कपोतेश्वर मंदिर त्यांतले दुसरे. ही मूळची बौद्ध वास्तू, असे कझेन्स यांनी ओळखले, आणि बहुतेकांनी ते मान्य केले. आज आत त्रिविक्रम उभा आहे, बळीच्या कथेतला, पाय उचललेला विष्णू. पुढे मंडप जोडला गेला, पूजा चालू राहिली.

यावर दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, आमचे तुम्ही घेतले. दुसरा म्हणतो, हे पहिल्यापासून आमचेच. दोघांनाही सांगावेसे वाटते की विटांच्या इमारतीला माणसांचा वावर लागतो. ज्या वास्तू सोडून दिल्या गेल्या त्यांच्या विटा गावोगावच्या भिंतींत गेल्या. तेरमध्येच उत्खननात स्तूपाचे अवशेष निघाले, तो जमिनीखाली गेला होता. त्रिविक्रमाचे मंदिर उभे राहिले, कारण त्यात दिवा लागत राहिला. म्हणून चैत्य बांधणाऱ्या बौद्ध उपासकांचे ऋण पुसता येत नाही, आणि पुढची शतके तिथे दिवा लावणाऱ्यांचेही पुसता येत नाही. स्पेनमधल्या कॉर्डोबाची मशीद 1236 मध्ये चर्च झाली. आज तिथले खांब पाहणारा दोन्ही इतिहास एकाच छताखाली पाहतो. दोन्ही खरे सांगितले तरच वास्तू समजते.

तेरवर जैनांचाही हक्क आहे. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरचे आणि जवळच्या लेण्यांचे वर्णन आहे. हीरालाल जैन यांनी ते 1934 मध्ये संपादित केले, आणि धाराशिवच्या लेण्यांचा अभ्यास त्या काव्याशिवाय पुरा होत नाही. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट शैवांची. समाधी वारकऱ्यांची. एवढ्याशा गावात एवढे.

आणि गोरोबाकाका कुंभारच होते, याकडे लक्ष द्या. सातवाहन काळातल्या ज्या कारागिरांनी साचे दाबून मूर्ती काढल्या त्यांची नावे आपल्याला मिळत नाहीत. सुमारे हजार वर्षांनी त्याच तेरणेकाठी माती तुडवणाऱ्या एका कुंभाराचे नाव मात्र साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. संतमेळ्यात थापटी घेऊन एकेकाचे डोके तपासणारे आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवणारे काका सर्वांना ठाऊक असतात. नामदेव त्यावर रुसले, पण मग विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. आपण पक्के झालो आहोत का, हे मडके घडवणाऱ्याला विचारावे लागते, हे तेरने मराठीला शिकवले.

ढेरे यांच्यासारख्या विद्वानाला विचार करायला वस्तू हाती असाव्या लागतात. तेरमध्ये त्या वाचल्या त्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. ते तेरचे व्यापारी. पदवीधर पुरातत्त्वज्ञ नव्हेत. जुन्या गावठाणाची पांढरी माती लोक शेतात खत म्हणून टाकतात, पाऊस पडला की तिच्यातून मणी, नाणी, खापरे, मूर्तींचे तुकडे उघडे पडतात. इतरांना जे खेळणे किंवा खडे वाटले ते लामतुऱ्यांनी वेचले, लोकांकडून मिळवले, जपले. हजारो वस्तू जमल्या. ब्रिटिश म्युझियममधले डग्लस बॅरेट यांनी 1960 मध्ये तेरवर पुस्तक लिहिले, त्यामागे हा संग्रह होता. पुढे तो शासनाच्या स्वाधीन झाला आणि त्यांच्याच नावाचे संग्रहालय उभे राहिले. वारशाच्या बाजूने भाषण करणारे खूप असतात. लामतुऱ्यांनी वारसा उचलून धुतला, पुसला आणि गावातच ठेवला. माझ्या लेखी तेही ढेरे यांच्याच बरोबरीचे बुद्धिवंत. एकाने वस्तू वाचवल्या, दुसऱ्याने त्यांचा अर्थ.

तेरच्या, आणि तेरसारख्या प्रत्येक जुन्या गावच्या शेतकऱ्याला म्हणूनच माझी विनंती आहे. नांगराच्या फाळाला काही लागले, पांढरीत काही चमकले, तर ते विकू नका आणि फेकूनही देऊ नका. जिथे सापडले ती जागा लक्षात ठेवा आणि तहसील कार्यालयाला किंवा संग्रहालयाला कळवा. जमिनीत सापडलेल्या अशा जुन्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा कायदा 1878 पासून आहे. आणि तुळजापूरला निघालेल्यांनी एक दिवस तेरसाठी राखावा. काकांच्या समाधीवर डोके टेकवून झाले, की संग्रहालयातल्या मातीच्या मूर्तींसमोर पाच मिनिटे उभे राहा, आणि बरोबर आजी असेल तर तिलाही न्या.